आईच्या माथी मारलेला दोष

हातातलं काम सोडू नका. बोंबील वाळत घालता घालता, चिकू निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल. आज इतिहास सांगायचा आहे, आणि तो एका आरोपाचा आहे. जगभरच्या आयांवर झालेला आरोप. मोठमोठ्या डॉक्टरांनी तो केला, पुस्तकांत छापला आणि वीस-पंचवीस वर्षं तो खरा मानला गेला. पुढे तो खोटा ठरला. तो खोटा कुणी ठरवला, हे आपल्या बचत गटातल्या बायांनी ऐकण्यासारखं आहे.

बोलायचं आहे दोन दुखण्यांबद्दल. एक स्वमग्नता, जिला ऑटिझम म्हणतात. ती मेंदूच्या घडणीची गोष्ट आहे. दुसरं सिकलसेल. ते रक्ताचं दुखणं आहे. दोन्ही आपल्या डहाणू-तलासरीत आहेत. एकमेकांशी त्यांचा तसा संबंध नाही. मग एकत्र का घेतली? कारण दोन्ही बाहेरून चटकन दिसत नाहीत, दोन्ही जन्मभर सोबत राहतात, आणि दोन्हींत बोट दाखवलं जातं ते घरातल्या बाईकडे.

आधी स्वमग्नता म्हणजे काय ते पाहू. मूल दिसायला इतर मुलांसारखंच असतं. पण नावाने हाक मारली तर वळून बघत नाही. हवी ती वस्तू बोट करून दाखवत नाही, आईचा हात धरून तिकडे नेतं. बोलणं उशिरा येतं, किंवा आलेलं बोलणं थांबतं. एकच खेळ तासन् तास चालतो, होडीची दोरी गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. मिक्सरचा आवाज, वरातीतला बँड, फटाके सहन होत नाहीत, कान झाकून रडतं. कुणी बोलतं पण गप्पा मारता येत नाहीत, कुणी अभ्यासात हुशार असतं पण माणसांत गोंधळतं. प्रत्येक मूल वेगळं. त्याचा मेंदू जगातले आवाज, स्पर्श, चेहरे आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीने घेतो. हे जन्मापासून असतं, आणि अशी मुलं मोठी होऊन स्वमग्न बाया आणि स्वमग्न पुरुष होतात, हे आपण बहुतेक वेळा विसरतो.

अशी मुलं पूर्वीही होती. त्यांना वेडं म्हणत, मुकं म्हणत, देवाचं म्हणत. त्यांच्याकडे नीट बघून लिहून ठेवणाऱ्यांत पहिल्या काहींत एक बाई होती. ग्रुन्या सुखारेवा ही डॉक्टर मॉस्कोत काम करायची. तिने १९२५ मध्ये अशा ६ मुलग्यांचं बारकाईने वर्णन केलं. ते रशियन भाषेत छापलं, पुढच्या वर्षी जर्मनमध्ये आलं, आणि मग बराच काळ जग तिचं नावच विसरलं.

जगाला ठाऊक झालं ते लिओ कॅनर या डॉक्टरचं नाव. ते अमेरिकेत बाल्टिमोर शहरात काम करत. १९४३ मध्ये त्यांनी ११ मुलांविषयी लिहिलं. त्यातल्या पहिल्या मुलाची गोष्ट लक्षात ठेवा. दवाखान्यात आणण्याआधी त्या मुलाच्या वडिलांनी डॉक्टरांना तब्बल ३३ पानांचं पत्र पाठवलं होतं. मूल काय खातं, काय म्हणतं, कशाला घाबरतं, सगळं त्यात होतं. म्हणजे वैद्यकाच्या पुस्तकातलं हे पहिलं गाजलेलं प्रकरण घरच्या माणसाच्या निरीक्षणातून उभं राहिलं. मुलाला सगळ्यात जास्त ओळखतात ती घरची माणसं, हे तेव्हाही कागदावर होतं.

पण पुढे उलटंच झालं. मुलांमध्ये हे उपजत आहे असं कॅनर यांनी सुरुवातीला लिहिलं होतं. तरी त्यांनी आईबापांच्या थंड स्वभावाबद्दलही लिहिलं, आणि १९४९ मध्ये तर ही मुलं जणू शीतकपाटात ठेवल्यासारखी वाढली, अशा अर्थाची उपमा दिली. लोकांनी उपमा उचलली आणि बाकीचं सोडून दिलं. 'फ्रिजसारखी थंड आई' हा शब्द रूढ झाला. १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइम नावाच्या प्रसिद्ध लेखकाने मोठं पुस्तक लिहून हा दोष आईबापांवर, त्यातही आईवर, पक्का केला. तो स्वतः नाझींच्या छळछावणीत राहिलेला माणूस होता. या मुलांच्या मनाची अवस्था त्याने छावणीतल्या कैद्यांशी ताडून पाहिली. मूल कैदी, तर आई कोण झाली? पहारेकरी. विचार करा. रात्र रात्र जागून पोराला थोपटणाऱ्या बाईला हे वाचावं लागलं. कित्येक मुलांना आईपासून दूर ठेवण्याचे सल्ले दिले गेले.

आपल्याकडे हे पुस्तक कुणी वाचलेलं नाही. पण आरोप ओळखीचा वाटतो ना? फक्त शब्द वेगळे. गरोदरपणात ग्रहण पाळलं नाहीस. तिन्हीसांजेला पाणवठ्यावर गेलीस. कामाला जाऊन पोराकडे लक्ष दिलं नाहीस. हातात मोबाईल देऊन बिघडवलंस. आणि सगळ्यात शेवटचं, तुझ्या माहेरचंच असं असेल. बाल्टिमोरच्या आईला डॉक्टर बोलला, डहाणूच्या आईला शेजारीण बोलते. दोघींचा गुन्हा एकच, मूल त्यांच्या पोटी आलं.

आता हा आरोप पुसला कसा गेला ते बघा. अमेरिकेत बर्नार्ड रिमलँड म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. आपली बायको थंड आहे हे त्यांना काही पटेना. त्यांनी मिळेल तेवढं वाचून काढलं आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहिलं, की हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे, मायेच्या कमतरतेचा नाही. त्या पुस्तकाच्या शेवटी त्यांनी प्रश्नांची यादी छापली होती. वाचणाऱ्या आईबापांनी ती भरून टपालाने त्यांना पाठवायला सुरुवात केली. गावोगावचे आईबाप, एकमेकांना कधी न पाहिलेले, एकाच पत्त्यावर पत्रं टाकू लागले. त्यातून ओळखी झाल्या, आणि १९६५ मध्ये त्यांची देशपातळीवरची संघटना उभी राहिली. तिची पहिली निवडून आलेली अध्यक्ष रूथ सलिव्हन, स्वमग्न मुलाची आई.

इंग्लंडमध्ये हेच तीन वर्षं आधी, १९६२ मध्ये झालं होतं. तिथे लोर्ना विंग ही डॉक्टर आणि स्वमग्न मुलीची आई, इतर पालकांबरोबर संस्था काढायला पुढे होती. पुढे १९७९ मध्ये तिने आणि ज्युडिथ गुल्ड हिने लंडनच्या एका भागातली मुलं तपासून दाखवलं, की स्वमग्नता एकाच साच्याची नसते. कुणाला थोडी, कुणाला फार, कुणाला एका बाजूने, कुणाला दुसऱ्या.

आया जेव्हा एकमेकींना भेटल्या तेव्हा पहिल्यांदा काय लक्षात आलं असेल? माझी बाकीची मुलं याच घरात, याच हातांनी वाढली, ती तर बोलतात. तुझीही? माझीही. एकटी असताना प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच काही चुकलं. दहाजणी जमल्या तेव्हा हिशेब जुळेना. १९६९ मध्ये त्याच कॅनर डॉक्टरांनी पालकांच्या सभेत उभं राहून सांगितलं, की आईबाप म्हणून मी तुम्हाला या दोषातून मुक्त करतो. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास छापला. एकसारखी जुळी, म्हणजे ज्यांचं बीजच एक, त्यांच्यात दोघंही स्वमग्न असण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. म्हणजे मूळ जन्माच्या आधीचं आहे. वाढवण्यातलं नाही.

एवढं झालं तरी आईला सुट्टी नाही. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने १२ मुलांवरून लिहिलं, की गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध असू शकतो. लगेच प्रश्न आला, लस द्यायला पोराला कोण घेऊन गेलं? आईच. पुढे लाखो मुलांची तपासणी झाली, संबंध सापडला नाही. त्या लेखात लबाडी होती हे उघड झालं, आणि २०१० मध्ये छापणाऱ्या मासिकाने तो मागे घेतला. त्या डॉक्टरचा परवानाही गेला. तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं की लसीने मूल असं झालं, तर ही तारीख सांगा. धाकट्या भावंडाची लस चुकवू नका. गोवर जीव घेतो.

आता आपल्या देशात या. १९४४ साल. मुंबईत जय वकील नावाची पारशी घरातली आई. तिच्या मुलीला डाउन सिंड्रोम होता, म्हणजे बुद्धीची वाढ सावकाश होणारी अवस्था. तिला घेणारी शाळा नव्हती. म्हणून तिने आणि तिच्या नवऱ्याने आपल्या घराच्या बैठकीतच शाळा सुरू केली. तीच जय वकील शाळा आज मुंबईत आहे. पुढे दिल्लीत १९९१ मध्ये मेरी बरुआ या आईने 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था काढली. तिचा मुलगा स्वमग्न. देशभरच्या पालकांना एकमेकांची खबर मिळावी म्हणून संस्थेने नियतकालिकही चालवलं. मराठीत नीला सत्यनारायण यांनी वेगळ्या मुलाला वाढवण्याचा अनुभव 'एक पूर्ण अपूर्ण' या पुस्तकात लिहिला. त्या मोठ्या सरकारी अधिकारी होत्या, राज्याच्या निवडणूक आयुक्त झाल्या. पण त्या पुस्तकात बोलते ती आई.

कायद्याची गोष्टही अशीच हळूहळू सरकली. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ७ प्रकार होते. त्यात स्वमग्नता नव्हती. म्हणजे मूल घरात होतं, सरकारच्या कागदावर नव्हतं. पालकांच्या संघटना मागे लागल्या. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यात स्वमग्नतेचं नाव आलं. आणि २०१६ मध्ये दिव्यांग हक्कांचा नवा कायदा झाला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आता प्रकार ७ वरून २१ झाले. त्या २१ नावांच्या यादीत स्वमग्नता आहे आणि सिकलसेलही आहे.

म्हणून आता सिकलसेलकडे वळू. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, लवचिक असतात, बारीक नसांतून सहज सरकतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात, नसांत अडकतात. जिथे अडकतात तिथे कळा सुरू होतात. हाडं, पोट, छाती, पाठ. अंगात रक्त कमी राहतं, डोळे पिवळे दिसतात, लहान बाळाचे हातपाय सुजतात. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने या वाकड्या पेशींबद्दल पहिल्यांदा छापून आणलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींच्या रक्तात त्या सापडल्या. मग मध्य भारत, महाराष्ट्र, गुजरात, असे पट्टे उलगडत गेले. आपला डोंगरपट्टी भागही त्यात आहे.

हे दुखणं जंगलपट्ट्यातच जास्त का, याचं उत्तर १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत शोधलं. ज्याच्यात हा गुण एकाच बाजूने, आईकडून किंवा बापाकडून, आलेला असतो तो वाहक. त्याला सहसा त्रास नसतो, उलट जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून त्याचा बराच बचाव होतो. म्हणून मलेरियाच्या मुलुखात हा गुण पिढ्यान् पिढ्या टिकला. तो कुणाच्या पापाची शिक्षा नाही. आपल्या वाडवडिलांना तापाच्या जंगलात जगवलं, त्याची ही दुसरी बाजू आहे.

आता दोषाचं गणित मांडू. मूल आजारी होतं ते आई आणि बाप दोघंही वाहक असतील तेव्हा. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात ४ पैकी १ शक्यता आजारी मुलाची, २ वाहक मुलाची, १ पूर्ण निरोगी मुलाची. एक गुण आईचा, एक बापाचा. अर्धा अर्धा. मग 'सुनेचं रक्त वाईट' हे वाक्य कुठून आलं? रक्त तपासणारं यंत्र असं सांगत नाही, घरातली माणसं सांगतात. लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्यावं, एवढं साधं काम आहे. आणि ते दोघांनी करायचं, एकट्या मुलीने नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला केंद्र सरकारने सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं तिचं उद्दिष्ट आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. आजार निघाला तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नेमाने घेतल्या, पाणी भरपूर प्यायलं, थंडी-ताप सांभाळला, तर कळांचे झटके कमी होतात.

दोन्ही दुखण्यांतलं सगळ्यात कठीण काय असेल, तर समोरच्याला न दिसणारी वेदना. सिकलसेलची मुलगी भात लावणीत खाली बसली, तर लोक म्हणतात कामचुकार आहे, काल तर हसत होती. काल कळ नव्हती, आज आहे. स्वमग्न मुलाला कान दुखत असला तरी ते सांगता येत नाही. ते कानावर थपडा मारून घेतं, भिंतीवर डोकं आपटतं, जेवण नाकारतं, चावतं. लोक म्हणतात हट्टी आहे, लाडावलंय. खरं तर आत दात किडलेला असतो, कान वाहत असतो, चार दिवस शौचाला झालेलं नसतं. स्वमग्न माणसांत फिट येणं, झोप न लागणं, पोटाच्या तक्रारी बऱ्याच आढळतात. तेव्हा मुलाचं वागणं अचानक बदललं, तर आधी दवाखाना, मग बाकी सगळं. भगताकडे जाणारी आई मी वाईट म्हणणार नाही. पण दवाखान्याची वेळ भगतात जाऊ देऊ नका.

आतापर्यंत आईबापांचं सांगितलं. आता खुद्द स्वमग्न माणसांचं ऐका. १९९२ च्या सुमारास अमेरिकेत काही मोठ्या वयाच्या स्वमग्न माणसांनी एकमेकांना पत्रं लिहायला सुरुवात केली आणि आपलीच एक संघटना बांधली. त्यातले जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये पालकांच्या परिषदेत सांगितलं, की आमच्यासाठी शोक करू नका. ज्या मुलाची तुम्ही वाट पाहिलीत ते आलं नाही, त्याचं दुःख करा आणि ते बाजूला ठेवा. पण जे मूल आलंय ते समोर उभं आहे, जिवंत आहे, त्याला तुमची गरज आहे. ऐकायला कडू आहे. पण ज्याच्याविषयी पन्नास वर्षं दुसरेच बोलत होते, तो स्वतः बोलला, हे मोठं होतं.

मग संगणक आला, आणि ही माणसं लिहून लिहून बोलू लागली. समोरासमोर बोलताना त्यांना नजर सांभाळावी लागते, गलका सोसावा लागतो, उत्तर झटकन द्यावं लागतं. लिहिताना हे काहीच नाही. सावकाश वाचा, सावकाश उत्तर द्या. लोक म्हणत होते यांना माणसं नकोत. त्यांना माणसं हवी होती, फक्त वाट वेगळी हवी होती. ऑस्ट्रेलियातली ज्युडी सिंगर ही अशाच दूरच्या ओळखींत सामील झालेली बाई. तिला आपल्या आईत, स्वतःत आणि आपल्या लेकीत हाच वेगळेपणा दिसला. घरातल्या तीन पिढ्यांच्या बाया. १९९८ मध्ये तिने आपल्या अभ्यासात एक विचार मांडला, जो त्या सगळ्यांच्या गप्पांतून वर आला होता. रानात जशी झाडं नाना तऱ्हेची, तसे माणसांचे मेंदूही नाना तऱ्हेचे. वेगळा मेंदू म्हणजे बिघडलेला मेंदू, असं धरून चालू नका.

आज तुमच्या-माझ्या फोनवरही असे गट आहेत. रात्री दोन वाजता मूल झोपत नाही, आणि दुसऱ्या जिल्ह्यातली एक बाई लिहिते, माझंही जागं आहे. तिला आपण कधी पाहिलेलं नाही. तरी ती रात्र थोडी हलकी होते. रेडिओवरच बघा ना, तुमच्यातल्या कितीजणींना मी पाहिलेलं नाही, तरी आपली ओळख आहेच.

पण जिथे दुखणं आहे तिथे विकणारेही येतात. स्वमग्नता मुळासकट घालवतो म्हणणारा, मूळपेशींचं इंजेक्शन देतो म्हणणारा, अंगातलं विष काढतो म्हणणारा. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने स्वमग्नतेवर मूळपेशींच्या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं स्पष्ट केलं. तेव्हा जमीन, दागिना गहाण टाकण्याआधी गटातल्या दोघींना आणि सरकारी डॉक्टरांना विचारा. सिकलसेलचंही तसंच, काढा पिऊन गोळी बंद करू नका. आणि मुलाचा फोटो, आधार कार्ड, तपासणीचे कागद अनोळखी गटात टाकू नका. ओळख दूरची असली तरी चालते, पण मुलाची लाज आणि कागद आपल्या ताब्यात राहिले पाहिजेत.

आता आपल्या जिल्ह्याचं एक वर्ष सांगते, २०१३. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. त्या वर्षी ६ फेब्रुवारीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि तो सुरू झाला आपल्या पालघरमधून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं. ३० तऱ्हेच्या तक्रारी बघायच्या. त्या यादीत उशिरा बोलणं आहे, स्वमग्नता आहे, सिकलसेलही आहे. त्याच एप्रिलमध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. ज्या तपासण्या मुंबईतच होतात त्यांच्यासाठी धाकटी डहाणूच्या आईला एक रस्ता उघडला. सोपा नाही. पहाटेची गाडी, कडेवर आवाजाला घाबरणारं मूल, दिवसाची मजुरी बुडालेली. पण आधी तोही नव्हता.

म्हणून कामाच्या चार गोष्टी. पथक अंगणवाडीत येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. "हे कुणाला त्रास देईल" म्हणून लपवलेलं मूलच तपासायचं राहून जातं. मूल हाकेला वळत नसेल, तर कान आधी तपासून घ्या, मग पुढचं. स्वमग्नता किंवा सिकलसेल निघालं, तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि स्वावलंबन कार्ड काढा. स्वमग्न मुलासाठी राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण असतं, त्याची चौकशी करा. आणि एक वही करा. मूल कधी झोपलं, काय खाल्लं, कळ कधी आली, फिट किती वेळ होती. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या थोरल्या मुलीला सांगा. ३३ पानांचं ते पत्र आठवा. डॉक्टरकडे तुमच्यासाठी पाच मिनिटं असतात, वही असली की ती पाच मिनिटं पुरतात.

शेवटचं सांगते ते आपल्याच मातीतलं. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत येईनात. का येईनात? थोरली मुलं गुरं चारायला कुरणात, धाकटी पाड्यावर. मग मुलं येत नाहीत म्हणून रागावण्याऐवजी या बाया पाड्यावर गेल्या, अंगणात बसल्या. त्यातून अंगणवाडी उभी राहिली, आज देशभर आहे. गुरं राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. जो येऊ शकत नाही, त्याच्याकडे आपण जायचं, ही रीत या तालुक्याने जगाला दाखवली आहे.

आता तुमच्या गटाची हजेरीवही उघडा. एखादं नाव असेल, हप्ता वेळेवर पाठवते पण बैठकीला येत नाही. लग्नाला येत नाही, हळदीकुंकवाला येत नाही. आपण म्हणतो शिष्ट आहे. कदाचित तिच्या घरात असं मूल असेल, ज्याला एकटं सोडता येत नाही आणि चारचौघांत नेलं तर लोक बोलतात. कदाचित तिचीच हाडं ठणकत असतील आणि कुणी विश्वास ठेवत नसेल. पुढची बैठक तिच्या ओटीवर घ्या. आवाज जरा हळू ठेवा. मूल जवळ आलं नाही तर त्याला ओढू नका, आलं तर येऊ द्या. सल्ला देऊ नका, कुणाचं चुकलं ते विचारू नका. आधी तिला बोलू द्या.